मुक्कामाचा रकाना

९ फेब्रुवारी

मायना गाळते आहे. 'प्रिय' लिहिलं तर खोटं, 'श्री.' लिहिलं तर तमाशा, आणि नुसतं नाव लिहायला हात धजत नाही. तेव्हा सरळ मुद्द्यावर येते.

तुझी आई पडली. २१ जानेवारीला सकाळी, दारासमोरच्या तीन पायऱ्यांतल्या मधल्या पायरीवरून. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळी घातली आहे, आता घरी आहे. मी तुला नऊ वेळा फोन केला. तीन वेळा वाजला, मग बंदच लागायला लागला. पडद्यावर माझं नाव दिसलं की तुझा अंगठा कुठे जातो ते मला माहीत आहे रे. म्हणून पत्र लिहिते, ते मध्येच कापता येत नाही.

ऑपरेशनच्या कागदावर जवळच्या माणसाची सही लागते. मी केली. नात्याच्या जागी 'सून' लिहिलं. तू जाऊन चार वर्षं झाली, पण कागदोपत्री मी अजून सूनच आहे, आणि तिथल्या बाईंनीही काही विचारलं नाही. त्यांना सहीशी मतलब होता.

डॉक्टर म्हणाले की सहा महिने तिला एकटं ठेवायचं नाही. ती म्हणाली की मी एकटीच बरी. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बघू.

मी जाऊन-येऊन असते, तेव्हा अगदीच घाबरून जाऊ नकोस. पण तू ये. दोन दिवस ये, चार दिवस ये. ती तुझं नाव काढत नाही, यावरूनच काय ते समज.

माझं विचारलं नाहीस तरी सांगते: कंपनी तीच, काम तेच. लिफ्टा बंद पडतात आणि मी चालू करते.

२६ फेब्रुवारी

तुझा निरोप मिळाला. अख्ख्या पत्राला फोनवर दोन ओळी: 'वृद्धाश्रमात जागा धरली आहे. तिला तयार कर.' मागोमाग त्या आश्रमाचं चकचकीत माहितीपत्रकही टपालाने आलं. तुला बरं जमतं हे. तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि शेळ्यांनी इकडे आपापलं बघायचं.

मी ते पत्रक तिला दिलं. लपवायचं कशाला? तिने चष्मा लावून पहिल्या पानावरची बाग बघितली आणि या झाडांना पाणी कोण घालतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, माळी असेल. मग मला तिथे काय काम, असं म्हणून तिने पत्रकाची घडी घालून शिलाई मशीनच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली. मशीन आता हलत नाही. तेवढा उपयोग झाला.

आता खरं सांगते. 'जाऊन-येऊन असते' हे मी खोटं लिहिलं होतं. ३० जानेवारीपासून मी इथेच राहते आहे, तुझ्या आईकडे, मधल्या खोलीत. लपवलं, कारण तू म्हणाला असतास, बघा, आली परत. परत-बिरत काही आलेली नाही. माझी खोली मी सोडलेली नाही, फक्त तिथे आता एक बादली आणि एक झाडू एवढंच राहिलंय.

का आले, हेही तू विचारणार. तुला आठवतं का, मी कामाला लागले तेव्हा कंपनीत बाईच्या मापाचा डगलाच नव्हता? पुरुषांचा दिला होता, बाह्या बोटांच्या खाली लोंबायच्या. तू हसलास. तुझ्या आईने तो रात्रीत उसवून माझ्या मापाचा केला, आणि पाना ठेवायला मांडीवर एक जास्तीचा खिसाही लावला. तू गेलास तेव्हा मला म्हणाली, तो गेला म्हणून तू कशाला जातेस. मी गेले तरी, कारण ऑफिसपासून लांब राहून माझं काम होत नव्हतं. त्याची बोच मला चार वर्षं आहे. मी काही उपकार करत नाहीये.

अडचण फक्त एकच आहे, गाडीची. आमच्याकडे गाडी मेकॅनिकच्या घरीच मुक्कामाला असते. छतावर शिडी, मागे अवजारं. कधीही फोन आला की निघायचं. आपल्या खिडकीखाली ती उभी असायची आणि तुला लाज वाटायची, तीच. तेव्हा अंतराची अट नव्हती. आता नियम असा आहे की घर ऑफिसपासून पंचवीस किलोमीटरच्या आत हवं. त्याहून लांब राहायला गेलात तर आधी कळवायचं, साहेब ठरवणार गाडी ठेवायची की काढून घ्यायची. मी निघाले त्या दिवशी मीटर बघून ठेवला. इथपर्यंत सत्तावन्न किलोमीटर, एका बाजूचे.

मी कळवलेलं नाही. गाडी काढून घेतली तर इथली पहिली बस पावणेआठची आहे, तीही दोन तास लावते आणि माझी हजेरी आठची. म्हणजे एक तर काम सोडा, नाही तर आईला सोडा. दोन्ही मला करायचं नाहीये. म्हणून गाडीच्या वहीत रोज सकाळी 'मुक्काम' नावाचा जो रकाना भरावा लागतो, त्यात मी जुन्या खोलीचाच पत्ता लिहिते. हाताला सवय झालीय. शिवाय आठवड्यातून दोनदा आईला व्यायामाच्या दवाखान्यात याच गाडीतून नेते, तेही नियमात बसत नाही. ती पुढच्या सीटवर ऐटीत बसते आणि प्रत्येक उंच इमारतीकडे बोट दाखवून विचारते, इथली लिफ्ट तुझी का?

हे सगळं तुलाच का सांगते आहे? इथे सांगायला दुसरं कोणी नाही. आईला सांगितलं तर ती उद्याच मला घालवून देईल. तू लांब आहेस, आणि तुला यात करण्यासारखं काही नाही, असं मला वाटतं.

२१ मार्च

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

काल साहेबांनी बोलावलं. आमच्या साहेबांना सगळे मोजपट्टी म्हणतात, कारण खिशात कायम पोलादी टेप असतो आणि माणूस खुर्चीत बसायच्या आधी खुर्ची भिंतीपासून किती लांब आहे ते बघतो. मी आत गेले आणि चोराच्या मनात चांदणं, तसं मला त्यांचं टेबल बघूनच कळलं. गाडीची वही उघडी होती. शेजारी एक टाइप केलेला कागद, खाली नाव नाही.

त्यांनी तो मोठ्याने वाचला. 'आपली एक महिला कर्मचारी कंपनीचे वाहन रोज सत्तावन्न किलोमीटर अंतरावर खासगी मुक्कामासाठी नेते. त्यातून खासगी प्रवासी वाहून नेते. नोंदवहीत खोटा पत्ता लिहिते.' तिन्ही गोष्टी खऱ्या. मी मान खाली घातली.

गाडीत ती कुठे फिरते हे सांगणारं यंत्र आहे, पण रोज उठून ते कोणी बघत नाही. बघायला कारण लागतं. आता त्यांनी बघितलं होतं. ते म्हणाले, "यंत्र एक्कावन्न दाखवतंय. रोज एक्कावन्न. हे सत्तावन्न कुठून आले?"

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मी निघाले त्या दिवशी गादी गुंडाळून दाराबाहेर ठेवली आणि तशीच गाडी हाकली. तीन किलोमीटर गेल्यावर आठवली, परत फिरले, गादी घेतली आणि पुन्हा निघाले. जाऊन-येऊन सहा. त्या दिवशीचा मीटर सत्तावन्न होता, आणि तो आकडा मी फक्त एका माणसाला लिहून पाठवला होता. एका पत्रात, २६ फेब्रुवारीच्या.

मी साहेबांना म्हटलं, "माझ्याकडूनच आले."

त्यांना काही उमगलं नाही. त्यांनी पुढे विचारलंही नाही, त्यांना अंतराशी काम होतं. सात आठवडे खोटी नोंद केल्याबद्दल लेखी खुलासा कामाच्या दहा दिवसांत द्यायचा आहे. तोवर गाडी ऑफिसच्या आवारात उभी करायची. त्यानंतर ते निर्णय घेतील, आणि निर्णय काय असतो ते मी बारा वर्षं बघते आहे.

काल घरी यायला बसने साडेनऊ झाले. तुझ्या आईने दोन तास आधीच ताट वाढून, झाकून ठेवलं होतं. गाडी कुठे म्हणाली. मी म्हटलं, दुरुस्तीला.

तुला शिव्या द्यायला मी बसले होते. दोन कागद फाडले. मग विचार केला की याने असं का केलं असेल? घर विकायचं म्हणावं, तर तुला पैशाची ओढ कधीच नव्हती. मला वाटतं, तुला फक्त हायसं वाटायला हवं होतं. आई आश्रमात गेली की सगळ्यांनी तिला सोडलं, असं होतं. मी इथे असले की तू एकट्यानेच सोडलंस, असं होतं. बरोबर ना? खोडून काढायचं असेल तर लिही, मी वाचेन.

तुझा मला मनापासून राग आलाय. पण लिहायचं मी थांबवणार नाही. पुढची तक्रार करायची झाली तर निदान आकडा नीट घाल. एक्कावन्न.

३ एप्रिल

खुलासा दिला. तुला सांगते, कारण तू सुरू केलंस तर शेवट तरी ऐक.

दहा दिवस बसने गेले-आले. पहाटे आईचं सगळं आवरायचं, शेजारणीला बसवायचं आणि धावायचं. शेजारीण चांगली आहे, पण तिलाही तिचं घर आहे. रोज पावणेदोन तास उशिरा पोचायचे. तो वेळ रजेत कापला जात होता, आणि हे फार दिवस चालणार नाही हे मला आणि साहेबांना दोघांनाही दिसत होतं. पण बसमध्ये एक झालं, विचार करायला वेळ मिळाला. गाडी चालवताना मी फक्त रस्ता बघत असे. बसमध्ये खिडकीतून इमारती बघितल्या आणि मोजायला लागले.

तुझ्या आईच्या गावात आणि आसपास आमच्या कंपनीच्या चौदा लिफ्टा आहेत. छोटं इस्पितळ, कोर्टाची इमारत, दोन बँका, बाकी राहायच्या जागा. करारात लिहिलंय की लिफ्ट अडकली तर आमचा माणूस तासाभरात येईल. मी मागच्या वर्षीच्या सगळ्या नोंदी काढल्या. या बाजूला पोचायला आम्हाला सरासरी एक तास पन्नास मिनिटं लागली आहेत. इकडे यायला कोणी मेकॅनिक राजीच नसतो. फोन आला की सगळ्यांचे पाय दुखायला लागतात.

काल मोजपट्टीसमोर खुलाशासोबत या नोंदींचा कागद ठेवला आणि जे बोलायचं ते पाठ करून गेले होते तसं बोलले. म्हटलं, "साहेब, मी खोटं लिहिलं त्याची शिक्षा वेगळी द्या, आणि अंतराचा निर्णय वेगळा करा. दोन्ही एका दोरीला बांधू नका. शिक्षा मी मान खाली घालून घेईन. अंतराबद्दल मात्र मी भांडणार आहे."

त्यांनी उठून भिंतीवरच्या नकाशाला टेप लावला. खरंच लावला, हसू नकोस. चौदा ठिकाणं मोजली. मग म्हणाले की हे तू जानेवारीतच का नाही आणलंस? खरं हेच की मला सुचलंच नव्हतं. नियम म्हणजे नाही म्हणणारा माणूस, असं धरून मी आधीच खोटं बोलून मोकळी झाले होते. विचारूनच पाहिलं नाही. पोरकटपणा केला, पन्नाशीला चार वर्षं उरलेल्या बाईने.

निर्णय असा: खोट्या नोंदीबद्दल तीन दिवस बिनपगारी घरी बसायचं. त्यानंतर एक महिना गाडी इथे मुक्कामाला, प्रयोग म्हणून. या बाजूच्या चौदा लिफ्टा माझ्या. घर ते पहिलं काम या प्रवासातला पहिला अर्धा तास माझा, म्हणजे बिनपगारी, त्यापुढचा कंपनीचा. रात्री कामावर जावं लागलं तर आठ तास विश्रांती झाल्याशिवाय लांबचा रस्ता धरायचा नाही. गाडीत दुसरं माणूस बसवायचं नाही. कुणीही, कुठल्याही कारणाने. आणि मुक्कामाच्या रकान्यात जे खरं असेल तेच.

शेवटचं म्हणताना त्यांनी वही माझ्यासमोर सरकवली. मी पेन घेतलं आणि तिथेच, त्यांच्या टेबलावर, तुझ्या आईच्या घराचा पत्ता लिहिला.

२५ एप्रिल

प्रयोगाचे अठरा दिवस झाले. तुझ्याकडून एक अक्षर नाही. असू दे.

पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी फोन आला की एका इमारतीत माणूस लिफ्टमध्ये अडकला आहे. नऊ मिनिटांत पोचले. दार उघडते तर समोर कपाट. माणूस कुठाय? तर कपाटाच्या मागे. घर बदलत होता, लिफ्टमध्ये आधी स्वतः शिरला, मग मित्रांनी कपाट ढकललं, आणि त्या वजनाने लिफ्टने मान टाकली. आत त्याला वळायलाही जागा नव्हती. कपाट बाहेर काढल्यावर बिचारा पहिलं काय म्हणाला, तर त्यावर ओरखडा पडला का बघा. मी घरी येऊन आईला सांगितलं, तर ती इतकी हसली की खुबा दुखला म्हणून मलाच रागावली.

आता एक अवघड गोष्ट. हे मोजपट्टीला मी सांगितलं आहे, आईला नाही. मार्चच्या सुरुवातीला, म्हणजे तुझ्या तक्रारीच्या आधी, एका सकाळी गाडी चालवताना माझा डोळा लागला. क्षणभरच, पण गाडी रस्त्याच्या कडेच्या खडीवर गेली आणि खडखडाटाने मी जागी झाले. आदल्या रात्री दोन कामं झाली होती, मध्ये आईला उठवायचं होतं. गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं झोपले आणि मग कामाला गेले, जसं काही झालंच नाही. कोणाला सांगणार? पत्ताच खोटा, तर थकवा कुठला दाखवणार?

म्हणजे आठ तासांचा नियम काही उगाच नाही. रोज एक्कावन्न जायचे आणि एक्कावन्न यायचे, हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. तू तक्रार चुकीच्या कारणाने केलीस, पण ती झाली नसती तर मी कदाचित एखाद्या खांबावर गेले असते. हे तुला सांगायला मला अजिबात आवडत नाहीये. पण खरं आहे.

गाडी आवारात उभी होती तेवढे दिवस आईचा दवाखाना बुडालाच होता. गाडीत बसायची बंदी झाली तेव्हा मला तिचीच काळजी होती. दवाखान्यात कशी नेणार? पहिल्या दिवशी भाड्याची गाडी बोलावली. ती चालकाला म्हणाली की मी काही पोतं नाही, आणि त्याला परत पाठवलं. मग वॉकर घेतला आणि निघाली बस स्टॉपकडे. मी मागे. वाटेत चार वेळा थांबली, एकदा रडली, माझ्यावर दोनदा ओरडली. बस चुकली. दुसरी आली त्यात चढली. व्यायाम घेणाऱ्या ताईंनी विचारलं की आज दम का लागलाय, तर ही म्हणते, चालत आले. ताई मला म्हणाल्या की आम्ही महिनाभर सांगत होतो, चाला म्हणून. गाडीत बसवून मी तिचे लाडच करत होते म्हण.

आता ती रोज जाते. दवाखाना नसला तरी स्टॉपपर्यंत जाते, बाकावर बसते, परत येते.

७ मे

महिना झाला. साहेबांनी आकडे बघितले. या बाजूला पोचायला आता सरासरी एकवीस मिनिटं. मंजुरी देतो म्हणाले, कायमची. मी पेढे वाटायच्या आतच पुढचं वाक्य आलं.

विमा कंपनीचं म्हणणं आहे की गाडी खासगी आवारात कायम उभी राहणार असेल तर घरमालकांचं ना-हरकत पत्र हवं. सगळ्या मालकांचं. मी घरी येऊन जुनी कागदांची पेटी उघडली. बाबा गेल्यावर घर दोघांच्या नावावर झालंय, आईच्या आणि तुझ्या.

हसायचं असेल तर हस. मीही हसले थोडी, मग पायरीवर बसून राहिले.

सोबत ते पत्र जोडलंय. आईची सही झाली आहे, तिने तीन वेळा सराव करून केली. खालची जागा तुझी. ३१ मेच्या आत मूळ कागद ऑफिसात गेला नाही तर गाडी परत घेतली जाईल, आणि मग जे व्हायचं ते होईल. गाडी गेली तर मी बसने जाईन. बस परवडली नाही तर काम सोडेन. आईला सोडणार नाही, हे आधीच सांगते, म्हणजे तुझा हिशेब चुकायला नको. सही न करून तू मला इथून हलवू शकत नाहीस. फक्त बारा वर्षांचं माझं काम जाईल.

मी तुझ्या पाया पडत नाहीये आणि धमकीही देत नाहीये. तक्रारीचं आईला मी बोललेली नाही, आणि सही केलीस किंवा नाही केलीस तरी बोलणार नाही. ते तुझं तू तिला सांग, कधी सांगावंसं वाटलं तर.

१९ मे

तुझं पाकीट काल आलं.

मी कामावर होते. टपालवाल्याकडून आईने घेतलं आणि उघडलं. पाकिटावर तुझं नाव बघितल्यावर ती माझी वाट कशाला बघेल? मी घरी आले तेव्हा ती खिडकीशी बसली होती, कागद उजेडाकडे धरून. आत दुसरं काही नव्हतं. चिठ्ठी नाही, 'आई कशी आहेस' नाही. नुसती सही. खरं सांगू, माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. डोळ्यांत पाणी आलं. तू केलीस. मी अजिबात धरून चालले नव्हते.

आई म्हणाली, "सही बदललीय त्याची."

मी जवळ जाऊन बघितलं. मला कळेना. मग तिने बोटाने दाखवलं, पूर्वी शेवटच्या अक्षराखाली एक लांब रेघ ओढायचा, शाळेत असल्यापासून, वह्यांवर, भिंतीवर, सगळीकडे. ती रेघ आता नाही. ती म्हणाली की दमलाय तो. एका सहीवरून तिने हे कसं काढलं देव जाणे, पण मी वाद घातला नाही.

मग मी हात पुढे केला आणि म्हटलं, आई, उद्या हा ऑफिसात द्यायचाय. तर ती कागद देईना.

चार वर्षांत त्याच्या हातचं हे पहिलंच आहे, म्हणाली. कंपनीला काय करायचंय त्याचं? मी समजावलं, विमा सांगितला, तारीख सांगितली. झेरॉक्स घेऊन जा म्हणाली. आज सकाळी झेरॉक्स घेऊन गेले. मोजपट्टीने कागद उलटा केला, सुलटा केला आणि मूळ प्रत आण म्हणून परत दिला. संध्याकाळी पुन्हा मागितला. कागद तिच्या उशीच्या अभ्र्यात आहे आणि ती उशीवर आहे. तिचा खुबा अजून कच्चा आहे, मी काही तिच्याशी झटापट करणार नाही. शिवाय, मला तो तिच्याकडून घ्यायचाही नाहीये.

म्हणजे दुसरा कागद लागेल, दुसरी सही लागेल. बारा दिवस आहेत. टपालाने पाठवू नकोस, तोही ती ठेवून घेईल, मी तिला ओळखते. तुलाच यावं लागेल. ऑफिसात माझ्यासोबत चल, साहेबांसमोर सही कर, मग हवं तर लगेच परत जा. माझ्याशी बोललं नाहीस तरी चालेल. आपल्या दोघांत जे आहे ते आहे, मी माफ-बिफ केलेलं नाही. पण तिच्यासमोर तासभर बसून जा.

तुला घ्यायला मी येऊ शकणार नाही. गाडीत कुणालाही बसवायचं नाही असा नियम आहे, आणि मी आता नियम पाळते. बसनेच ये. आई स्टॉपवर येईल, मी आत्ताच विचारलं तर हो म्हणाली. तिला घरून तिथपर्यंत यायला पंचवीस मिनिटं लागतात, तेव्हा कितीची बस ते आधी कळव.